चिपाडाच्या गिटारीचे पॅटर्न फोडू नयेत

मी, आक्काताई केरबा सुतार, वय अडुसष्ट, काम घरचं आणि मालक, म्हणजे माझे यजमान, असेपर्यंत त्यांना वर्कशॉपमध्ये वाचून दाखवण्याचं, राहणार उचगाव, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही देणंघेणं नसतं असं डॉक्टर म्हणाले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी दटावलेलं नाही, कोणी गोड बोलून भुलवलेलंही नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही.

वकीलबाईंनी मला छापील मसुदा दिला होता. चांगला होता, पण तो कुणाचाही असू शकला असता. मी त्यांना म्हटलं, "बाई, ह्यात माझं नाव सोडलं तर मी कुठंच न्हाय." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग काकू, तुम्ही तुमच्या पद्धतीनं लिहा, मी फक्त तपासून देते." त्याप्रमाणे लिहिलं आहे.

हा कागद करण्याचं खरं कारण कलम चार आहे. माझ्या मालकांनी केलेले गिटारींचे पॅटर्न माझ्यामागे फोडायचे की ठेवायचे, एवढाच प्रश्न आहे. मालक जाताना फोड म्हणून गेले. मी ठेवा म्हणते. बाकीची कलमं चार घरांत असतात तशीच आहेत.

कलम १. उचगावचं राहतं घर मालकांच्या पश्चात रीतसर माझ्या नावावर झालं आहे. ते माझा मुलगा पृथ्वीराज आणि मुलगी प्रीती यांना निम्मं निम्मं द्यावं. मागच्या दारची तुळस आणि लिंबाचं झाड वाटून घेता येत नाही, म्हणून लिंबं दोघांनीही न्यावीत. वरच्या खोलीचं छत गळतं. ते मी दुरुस्त केलं नाही, कारण ज्याला त्या खोलीत झोपायचं आहे त्याने ते करावं.

कलम २. माझे दागिने प्रीतीला. मंगळसूत्रातले मणी मी मालक गेल्यावर काढून डबीत ठेवले, तेही तिलाच. बँकेत जे काही असेल ते दोघांना सारखं. त्यावरून भांडण्याइतकं ते नाही.

कलम ३. घरामागच्या वर्कशॉपबद्दल लिहिण्याआधी तिथे काय चालायचं ते लिहिते. पुढे वाचणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही.

माझे मालक पॅटर्नमेकर होते. फौंड्रीत लोखंड किंवा अॅल्युमिनियम ओतायचं तर आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती करावी लागते. ती वाळूत दाबून साचा उठवतात आणि त्यात रस ओततात. त्या लाकडी प्रतिकृतीला पॅटर्न म्हणतात. मालकांनी उद्यमनगरात पंपांचे आणि उसाच्या चरकांचे पॅटर्न केले. ओतकामाला त्यांचे मित्र मुनव्वर शिकलगार असायचे. दोघे एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय काम सुरू करत नसत.

एका गणपतीत हे दोघे राधानगरीला पंप बसवायला गेले. तिथे ऑर्केस्ट्रा होता, आणि गिटारवाल्या पोराची गिटार ओल्या हवेने बिघडली होती. लाकडाची मान वाकली होती, तारा वर उचलल्या होत्या. मालक ती हातात घेऊन म्हणाले, "लाकूड पाणी पितंय रं. मान अॅल्युमिनियमची कर की." पोरगा म्हणाला, "काका, गिटार हाय ही. पंप न्हाय." मालक गप्प घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून मानेचा पॅटर्न करायला बसले.

ती पहिली अॅल्युमिनियमची मान. आतून पोकळ, पंपाच्या झाकणाला असतात तशा बारीक फासळ्या दिलेली. पावसात वाकली नाही. पण थंडीत वाजवणाऱ्याचा हात गारठायचा आणि खांदा दुखायचा. मग मालक हलकं काहीतरी शोधू लागले. मी तेव्हा वाचायला लागले होते. शाळा चौथीपर्यंतच झाली होती, पण रेझिनच्या डब्यांवरचं इंग्रजी कुणाला तरी वाचावं लागणारच होतं. आधी डबे वाचले, मग प्रीतीची जुनी पुस्तकं, मग वाचनालयातलं जे हाती लागेल ते. परदेशात गिटारी कार्बनच्या धाग्याच्या करतात, काचेच्या धाग्याच्या करतात, दाबलेल्या कागदाच्याही करतात, हे मी मालकांना वाचून दाखवलं. ते ऐकून घेत आणि विचारत, "त्यांच्याकडं ऊस हाय का?"

अशी चिपाडाची गिटार झाली. गुऱ्हाळावर रस काढून झाल्यावर जे उरतं आणि चुलवाणात जातं ते चिपाड. ते वाळवून, पिंजून, साच्यात थरावर थर लावून त्यात रेझिन ओढायचं. हवा काढायला दूध काढायच्या यंत्राचा व्हॅक्यूम पंप आणला. पहिल्यांदा रेझिनचं माप चुकलं, डबा तापून धूर निघाला आणि शेजारच्या धोंडुबाई लुगडं खोचून भांडायला आल्या. पण निघालेलं अंग बघण्यासारखं होतं. मधाच्या रंगाचं, आत उसाचे धागे दिसणारं, टकटक केलं तर लाकडासारखं बोलणारं. पाठीत अॅल्युमिनियमचा कणा, मानही अॅल्युमिनियमची, तिच्यावर बोटं दाबायचे आडवे पडदे ओततानाच उठलेले. डोकं नाहीच. तारा पिळायच्या खुंट्या खालच्या टोकाला. बघायला आलेले विचारायचे, "हिचं मुंडकं कुठं हाय?" मालक म्हणायचे, "तुमचं हाय न्हवं, मग बास."

पुण्यामुंबईचे चांगले वादक येऊन या गिटारी घेऊन गेले. तोवर मान अॅल्युमिनियमची होती. शेवटी मालकांनी मानसुद्धा चिपाडाची केली, तिच्यावर पडदे बसवायला काळ्या हायलमची, म्हणजे रेझिनमध्ये दाबलेल्या कागदाच्या कडक फळीची, पट्टी चिकटवली, आणि तिथे गोष्ट बिघडली.

कलम ४. पूर्ण चिपाडाची पहिली गिटार बेंगळूरच्या एका वादकाने मागवली आणि परत आणून दिली. तो भला माणूस होता, रागावला नाही. म्हणाला, खालच्या पडद्यांवर सुरात आहे, पण वर जावं तसा सूर चढत जातो. मालकांनी घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो ब्रिज, तिचे स्क्रू शेवटपर्यंत फिरवले. तरी सूर चढतच राहिला. त्यांना वाटलं, तारांच्या ताणाने चिपाड दबतंय. माझे दीर पिराजी म्हणाले, "चिपाड शेवटी चिपाडच. चुलवाणात घाला." मालकांनी गिटार भिंतीला टांगली आणि त्यानंतर हातात रंधा घेतला नाही.

ते आजारी पडले तेव्हा दवाखान्यात मला म्हणाले, "अगं, ऐक. ते गिटारीचे पॅटर्न फोडून जाळ. माझ्यामागं कुणी हसायला नको." मी व्हय म्हटलं. तेव्हा दुसरं काय म्हणणार? पृथ्वीराज खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्यानेही ऐकलं.

मालक गेले. पॅटर्न फळीवर तसेच राहिले. दर वर्षी खंडेनवमीला मी हत्यारं पुसून मांडायची, पूजा करायची, आणि उद्या फोडू म्हणायची. दुसऱ्या दिवशी दसरा असतो. दसऱ्याला फोडाफोडी करू नये, म्हणून मग परवा. असं चाललं होतं. मुनव्वरभाईंची लेक मेहक, जी पॉलिटेक्निक करून मालकांच्या हाताखाली तारा गुंडाळण्यापासून रेझिन ओतण्यापर्यंत सगळं शिकली, ती दर वर्षी म्हणायची, "काकी, मला द्या की ते पॅटर्न." मी म्हणायची, "माझ्या हातात न्हाय गं."

यंदा मी ठरवलं की आता शब्द पाळायचा. खंडेनवमीची पूजा झाली की लगेच फोडायचे, परवा म्हणायचं नाही. म्हणून मुनव्वरभाई आणि मेहकला सकाळीच बोलावून घेतलं. मेहक हत्यारं ओळीने मांडत होती. तिने दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि थांबली.

"काकी, ह्या दोन पट्ट्या सारख्या न्हाईत. ही मोठी हाय."

मुनव्वरभाई म्हणाले, "अगं, ती आटीची पट्टी. रस गार होताना धातू आटतो, म्हणून पॅटर्न जरा मोठा करायचा असतो. त्या पट्टीवरचा इंचच मोठा असतो. पॅटर्नमेकर दुसरी पट्टी हातातसुद्धा धरत न्हाय."

मेहकने उठून फळीवरून पडद्यांचा साचा काढला, ज्याच्यावरून हायलमच्या पट्टीत पडद्यांच्या खाचा कापत. त्यावर आधी साधी पट्टी लावली, मग आटीची. आटीची बरोबर बसली.

"अब्बा," ती म्हणाली, "चिपाड कुठं आटतंय?"

मग मुनव्वरभाई कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "या अल्ला. अरे केरबा, जल्मभर दुसऱ्याची मापं काढलीस आणि हातातली पट्टी बघितली न्हाईस व्हय रं!"

झालं होतं ते असं. अॅल्युमिनियमच्या मानेवर पडदे ओततानाच उठायचे. ते धातूबरोबर आटून बरोबर जागी यायचे, म्हणून तिथे आटीची पट्टीच योग्य होती. चिपाडाला नवा साचा केला तेव्हा हात सवयीने त्याच पट्टीकडे गेला. पडदे मोठ्या इंचाने लागले आणि घोडी नकाशावरून, साध्या टेपने. दोन्हींचं जमणार कसं? चिपाड दबलं नव्हतं. चुकली होती ती नुसती पट्टी.

मेहकने भिंतीवरची गिटार उतरवली. घोडी मागे घेतली, फार नाही, करंगळीच्या नखाच्या रुंदीएवढी. नवी भोकं पाडली, तारा चढवल्या. एक तार आधी मोकळी वाजवली, मग मधल्या पडद्यावर दाबून. पुन्हा वाजवली. दोन्ही सूर जुळले होते, आम्हा तिघांनाही कळलं. मुनव्वरभाई हसायला लागले, मग मीही हसले. मालक असते तर त्यांनी कपाळावर हात मारून मला चहा टाकायला सांगितलं असतं. जेवून मी वर्कशॉपमध्येच चटईवर पडले आणि दिवेलागणीला जाग आली. इतकी गाढ झोप मला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

मरणाऱ्याला दिलेला शब्द मोडू नये हे मला कळतं. पण मालकांनी तो शब्द घेतला तो चिपाड फसलं असं समजून, आणि लोक हसतील म्हणून. चिपाड फसलेलं नाही. हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी शब्द परत घेतला असता. त्यांच्याशी संसार केला म्हणून हे मी लिहू शकते. म्हणून पॅटर्न फोडू नयेत. गिटारींचे सर्व पॅटर्न आणि साचे मी मेहक मुनव्वर शिकलगार हिला देते. ती बदल करील तर करू द्यावेत. मालकसुद्धा दर गिटारीला काहीतरी बदलत.

हे मी पृथ्वीराजला फोनवर सांगितलं. तो कागलला साखर कारखान्यात केमिस्ट आहे आणि बापासारखाच शब्दाचा पक्का आहे. तो म्हणाला, "आई, बाबांनी अट घालून शब्द घेतला नव्हता. फोड म्हणाले. तू व्हय म्हणालीस. मी ऐकलंय." मी म्हटलं, "त्यांना ठाऊक नव्हतं रं." तो म्हणाला, "तू हायस तोवर तुझं चालू दे. तू गेल्यावर मी त्यांचा मुलगा हाय."

यात त्याचा लोभ नाही. पॅटर्न विकायचे असते तर त्याने ते कधीच मागितले असते. त्याला बापाचा शब्द पाळायचा आहे, आणि मला त्याचा राग येत नाही. पण त्याच्या हाती हे राहिलं तर माझ्यामागे ते जळतील. म्हणूनच तोंडी न ठेवता हा कागद करते आहे.

कलम ५. वर्कशॉपची शेड आणि खालची जागा घराबरोबर मुलांच्याच मालकीची राहील. मेहक तिथे काम करील तोवर तिला भाडं मागू नये, उठवू नये, विजेचं बिल तिचं तिने भरावं. तिने काम सोडलं तर जागा मुलांची. व्हॅक्यूम पंप, रंधे, क्लॅम्प, रेझिनची मापं आणि सुरात आलेली ती गिटार मेहकला. आटीची पट्टी मुनव्वरभाईंना. ते अजून अॅल्युमिनियमचं ओतकाम घेतात, तिथे ती बरोबर आहे.

मेहकला तीन सूचना. गिटारीवर स्वतःचं नाव घालावं, मालकांचं नाही. आणि चिपाडाला चिपाडच म्हणावं. एका दुकानदाराने मालकांना सांगितलं होतं की इंग्रजीत काहीतरी भारी लिहा, चिपाड म्हटलं तर गिऱ्हाईक पळेल. जे गिऱ्हाईक शब्दाला भिऊन पळतं ते पळू दे. रेझिन ओतताना तोंडाला फडकं नाही, मास्क बांधावा. मालकांनी कधीच बांधला नाही.

कलम ६. माझे दीर पिराजी सुतार यांना मी चिपाड आणि रेझिनची नमुन्याची एक फळी ठेवते. ती त्यांनी गुडघ्यावर मोडून दाखवावी. मोडली तर ते मालकांना जे जे बोलले ते सगळं मी माफ केलं असं समजावं. नाही मोडली तरी माफ केलं आहे, पण गुडघा जपावा.

कलम ७. माझी पुस्तकं उचगावच्या वाचनालयाला द्यावीत. समासात मी पेन्सिलीने अर्थ लिहिले आहेत, काही चुकीचे आहेत. खोडू नयेत, पुढच्या माणसाने शेजारी बरोबर लिहावेत.

कलम ८. माझ्या दहाव्याला आणि तेराव्याला जेवणावळ घालू नये. तिखट जेवण आणि नातेवाईक एकत्र आले की आमच्या घरात भांडण होतंच. त्या दिवसांत वर्कशॉप बंद ठेवू नये. रेझिन ओतायचं ठरलं असेल तर ओतावं, ते माणसासाठी थांबत नाही.

कलम ९. इथवर मी गेल्या आठवड्यात लिहिलं. या मृत्युपत्राची अंमलबजावणी कुणी करायची, त्या जागी मी प्रीतीचं नाव लिहिणार होते, आणि पृथ्वीराजला वर्कशॉपमध्ये पाऊल टाकायची मनाई करणारं एक वाक्यही तयार होतं. ते लिहायला हात उठत नव्हता. रविवारी पृथ्वीराज आला. मी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने सगळा वाचला, कलम चार दोनदा वाचलं.

मग विचारलं, "तो पडद्यांचा साचा कुठं हाय? चुकीच्या पट्टीचा?"

मी म्हटलं, "फळीवर. का?"

"तो बाबांचाच पॅटर्न हाय न्हवं?"

मेहक तिथेच नव्या साच्यावर खुणा करत होती, साध्या पट्टीने. ती म्हणाली, "दादा, तो आता कामाचा न्हाय."

"मग मला दे," पृथ्वीराज म्हणाला. "बाबा फोड म्हणाले ते आईला. ऐकलं मी. एक तरी माझ्या हातनं फुटू दे. बाकीचे तुझे."

मेहकने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने साचा अंगणातल्या दगडावर ठेवला आणि छिन्नीने मधोमध फोडला. बापाकडून तो छिन्नी चालवणं एवढंच काम शिकला होता, पण नीट शिकला होता. तुकडे पाणी तापवायच्या बंबात घातले. बंब पेटल्यावर तो म्हणाला, "आई, अंघोळ करून घे. पाणी फुकट नगं जायला." मी त्या पाण्याने अंघोळ केली.

मला आता कसलीच काळजी उरलेली नाही. मालकांची आठवण तेवढी आहे, ती मृत्युपत्रात वाटून देता येत नाही आणि द्यायचीही नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा म्हणून मी माझा मुलगा पृथ्वीराज केरबा सुतार यालाच नेमते.

वर जे लिहिलं ते मी स्वतः लिहिलं, पुन्हा वाचलं, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि समजून उमजून खाली सही केली. मुनव्वरभाई साक्षीला बसतो म्हणत होते, पण ज्याच्या घरी काही जातं त्याने साक्षीला बसू नये, म्हणून मी नको म्हटलं. धोंडुबाई बसल्या. वासावरून पुष्कळ भांडल्या, पण खोटं कधी बोलल्या नाहीत.

ठिकाण: उचगाव, कोल्हापूर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

सही: आक्काताई केरबा सुतार

आक्काताई सुतार यांनी आमच्या दोघांच्या समक्ष, शुद्धीत व स्वखुशीने सही केली, आणि आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या.

साक्षीदार १: धोंडुबाई बाळू कांबळे, राहणार उचगाव
साक्षीदार २: डॉ. अमरसिंह निंबाळकर, कोल्हापूर

वरील मजकूर मी वाचला आहे. बाबांचा शब्द माझ्यापुरता मी पाळला. उरलेले पॅटर्न मेहककडे राहतील, आणि ते कुणी फोडायला आलं तर आधी माझ्याशी गाठ आहे.

सही: पृथ्वीराज केरबा सुतार